पत्रिका सोडली, आता रक्ताचा कागद जुळवा

उत्तर नागपूरच्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात आम्ही बसलो होतो. घरातल्या मोठ्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलीचे वडील मालधक्क्यावर हमाली करतात. आई चार घरची धुणीभांडी करते. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार घातले होते. पोह्यांचा वास सुटला होता. सगळे ठीक होते, पण आतल्या खोलीत कुजबूज चालली होती.

कुजबुजीचे कारण होते मुलीच्या हातातला एक कागद. रक्ततपासणीचा. त्यावर दोनच अक्षरे महत्त्वाची होती, 'एएस'.

"कायले दाखवता तो कागद?" मुलीचे मामा म्हणत होते. "पोरगी धडधाकट आहे. बी.ए. झाली. उगाच जमत आलेलं लग्न मोडून बसाल."

आई काही बोलत नव्हती. तिची नजर कोपऱ्यातल्या खाटेकडे होती. तिथे तिचा चौदा वर्षांचा मुलगा गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून पडला होता. त्याचाही असाच एक कागद कपाटात आहे. त्यावर 'एसएस' लिहिले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, विदर्भात तरी असे घर माहीत नाही असा वाचक विरळाच. या आजाराला कोणी सिकलसेल म्हणते, कोणी सिकलीन. नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचे मर्म थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून भीती जास्त आणि उपाय कमी, अशी आपली गत झाली आहे. 'एएस' म्हणजे काय, 'एसएस' म्हणजे काय, ही अक्षरे कोणी आणि कशी शोधली, ती आपल्याच वस्तीत इतकी का आढळतात आणि मामांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हे आज या पानावर नीट समजून घेऊ.

रक्तातला विळा

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या मधोमध दबलेल्या चकतीसारख्या गोल आणि मऊ असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या दबून, वाकून पुढे सरकतात. फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवणे हे त्यांचे काम. सिकलसेल झालेल्या माणसाच्या तांबड्या पेशी प्राणवायू देऊन झाला की ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

असे विळे बारीक रक्तवाहिनीत अडकतात. मागचे रक्त तुंबते. जिथे तुंबते तिथे असह्य कळा येतात. कधी हातापायात, कधी छातीत, कधी पोटात. शिवाय चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. नवी पेशी तयार होण्याचा वेग कमी पडतो आणि अंगात रक्त कमी राहते. डोळे पिवळे दिसतात, दम लागतो, जंतूंशी लढणारी पाणथरी म्हणजे प्लीहा निकामी होत जाते.

त्या खाटेवरच्या मुलाचे असेच झाले. आठ महिन्यांचा असताना त्याच्या दोन्ही हातांचे पंजे आणि पावले सुजली. आजी म्हणाली, बाहेरचे आहे. गंडा बांधला. मग म्हणाली, सुनेच्या माहेरचे दुखणे आहे. चार वर्षे सलाईन आणि लोहाच्या गोळ्या यांत गेली. पुढे शाळेत गेल्यावर एका दवाखान्यात त्याच्या आईला ऐकून घ्यावे लागले की पोरगं शाळा चुकवायला सोंग करते. ज्या मुलाला रात्रभर रडू आवरत नव्हते त्याला सोंगाडा म्हटले गेले. शेवटी एका शिबिरात रक्त तपासले तेव्हा आजाराचे नाव कळले. मग घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. आई 'एएस', बाप 'एएस', मोठी बहीणही 'एएस'.

शिकागोच्या एका विद्यार्थ्यापासून

या आजाराची लिखित कहाणी 1904 साली सुरू होते. वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विशीतला कृष्णवर्णीय तरुण दातांचा डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेत शिकागोला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यात लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली हे निरीक्षण छापून प्रसिद्ध केले. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, तिथे त्याने दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. आपल्या रक्ताने वैद्यकशास्त्राचे एक नवे दार उघडले, हे त्याला कळलेही नसेल.

पेशी वाकडी का होते, याचे उत्तर मिळायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1945 साली एका डॉक्टर मित्राकडून या आजाराविषयी ऐकले. पेशी प्राणवायू नसताना वाकते, हे ऐकताच त्यांच्या मनात आले की दोष पेशीत नसावा, पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये असावा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहणारे प्रथिन. पॉलिंग आणि त्यांचे सहकारी हार्वे इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी हे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवले. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एका गतीने सरकले, रुग्णाचे दुसऱ्याच गतीने. आणि ज्यांना आजार नाही पण ज्यांच्या रक्तात दोष आहे, त्यांच्यात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन मिसळलेले निघाले.

कागदावरची आपली अक्षरे याच प्रयोगातून समजतात. नेहमीचे हिमोग्लोबिन 'ए', सिकलचे हिमोग्लोबिन 'एस'. दोन्ही असतील तर 'एएस'. 1949 साली हा शोध प्रसिद्ध झाला. एखाद्या आजाराचे मूळ शरीरातल्या एका रेणूत आहे, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झाले ते या गरिबांच्या आजारावरून.

पुढचे पाऊल व्हर्नन इन्ग्रम यांनी टाकले. हे जर्मनीतून इंग्लंडमध्ये आसऱ्याला आलेल्या ज्यू कुटुंबातले. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिमोग्लोबिनचे सुमारे तीस बारीक तुकडे केले आणि ते कागदावर पसरवून निरोगी आणि रोगी यांचे ठसे शेजारी-शेजारी ठेवले. बाकी सगळे ठिपके सारखे होते. फरक निघाला एकाच ठिपक्यात. 1956-57 साली त्यांनी दाखवून दिले की सगळा अनर्थ एका कणाच्या अदलाबदलीने होतो.

पीठ आणि मीठ

हे कसे, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने पाहू. समजा, भाकरी कशी करावी हे कोणी कागदावर लिहून दिले. "परातीत पीठ घ्या आणि मळा." उतरवून घेताना एकच अक्षर चुकले आणि 'पीठ'चे 'मीठ' झाले. बाकी सारा मजकूर बरोबर. पण जो तो कागद वाचून भाकरी करील त्याची काय गत होईल?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असा एक मजकूर लिहिलेला असतो. त्याला डीएनए म्हणतात. चारच अक्षरांची ही लिपी आहे आणि पूर्ण मजकूर सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे. त्यातला जो भाग एखादी वस्तू बनवण्याची कृती सांगतो, त्याला जनुक म्हणतात. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर लिहिली आहे. या साखळीत 146 मणी ओवलेले असतात. मणी म्हणजे अमिनो आम्ले. सिकलसेलमध्ये जनुकातले एक अक्षर बदललेले असते, 'ए'च्या जागी 'टी'. त्यामुळे सहावा मणी बदलतो. तिथे ग्लुटामिक आम्ल हवे असते, त्याच्या जागी व्हॅलिन येते.

ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवते. व्हॅलिन तेलासारखे पाण्यापासून दूर पळते. प्राणवायू सोडून दिला की हिमोग्लोबिनचा हा तेलकट भाग शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन चिकटतो. तो पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला. बघता बघता दोऱ्या वळल्या जातात आणि त्या ताठ दोऱ्यांच्या रेट्याने गोल पेशीचा विळा होतो. 300 कोटी अक्षरांतले एक अक्षर चुकले आणि चौदा वर्षांच्या पोराचे गुडघे रात्रभर ठणकतात, याचा उलगडा एवढाच आहे. यात भुताटकी नाही, करणी नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच नाही.

आईकडून एक, बापाकडून एक

प्रत्येक माणसाकडे या कृतीचे दोन कागद असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोन्ही बरोबर असतील तर तो 'एए'. एक बरोबर आणि एक चुकलेला असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाचे काम चांगल्या कागदावर भागते. तो आजारी नसतो. शेतात राबतो, ओझे उचलतो, नोकरी करतो, संसार करतो. दोन्ही कागद चुकलेले असतील तरच 'एसएस', म्हणजे रुग्ण.

आता हिशेब पाहा. प्रत्येक पालक आपल्या दोन कागदांपैकी कोणता तरी एक मुलाला देतो. कोणता, ते नाणे उडवल्यासारखे असते.

एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल वाहक होण्याची शक्यता निम्मी आणि पूर्ण निरोगी होण्याची निम्मी. सिकलसेलचा रुग्ण होण्याची शक्यता नाही.

दोघेही वाहक असतील तर दर वेळी चारात एक शक्यता रुग्णाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निरोगी मुलाची.

एक रुग्ण आणि दुसरा निरोगी असेल तर सगळी मुले वाहक, रुग्ण कोणीही नाही. एक रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर निम्मी शक्यता रुग्णाची. दोघेही रुग्ण असतील तर सगळी मुले रुग्ण.

इथे एक गैरसमज आमच्या अनेक माता-भगिनींचा होतो. "एक मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही चांगली," असे त्या धरून चालतात. तसे नाही. नाणे आधी काय पडले ते लक्षात ठेवत नाही. दर गरोदरपणात हिशेब नव्याने सुरू होतो.

दुसरी गोष्ट सासूबाईंनी विशेष लक्षात घ्यावी. 'एसएस' मूल जन्मते तेव्हा त्याला एक कागद आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो. दोष सुनेचा नसतो आणि मुलाचाही नसतो. ज्या सुनेला आपण बोल लावतो तिच्याइतकाच वाटा आपल्या मुलाचा असतो आणि तो त्याला आपल्याकडून किंवा आपल्या मालकांकडून आलेला असतो.

हे आपल्याच वस्तीत का?

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो आणि त्यामागे एक दुखरी शंका असते. आपल्या समाजाच्या रक्तातच काही खोट आहे काय? 1958 साली नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलच्या दोषाविषयी लिहिले. त्याआधी 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांत तो आढळला होता. पुढच्या तपासण्यांतून विदर्भातल्या बौद्ध वस्त्या, गडचिरोलीचे गोंड, सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा अशा अनेक समाजांत तो दिसून आला. तेव्हापासून "हा अमक्यांचा आजार" असा शिक्का मारणारे निघाले.

त्यांना विज्ञानाने 1954 सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. केनियात वाढलेले डॉ. अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहिले की जिथे मलेरिया फार, तिथे सिकलचे वाहकही फार. मेंदूवर जाणाऱ्या जीवघेण्या मलेरियापासून वाहकाचे काही अंशी रक्षण होते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे हजारो वर्षे डासांच्या प्रदेशात, जंगल आणि दलदलीच्या कडेला राहणाऱ्या लोकांत 'एए' मुले मलेरियाने जास्त मरत आणि 'एएस' मुले जास्त तगत. असे पिढ्यान् पिढ्या होऊन हे अक्षर वाढले. ग्रीस, सिसिली, तुर्कस्तान, अरबस्तान आणि आफ्रिका या मलेरियाच्या प्रदेशांतही ते सापडते. ग्रीक गोऱ्या माणसात जे सापडते, ते कोणा जातीचा कलंक कसे असेल? ती आपल्या पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची खूण आहे.

मात्र ते अक्षर ठराविक समाजांत साचून का राहिले, याचे एक उत्तर जातीत आहे. जात म्हणजे काय, याचे मर्म बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या आपल्या निबंधात सांगितले होते. जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. त्या कोंडीतच दोन वाहक पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. त्यात मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी नात्यातली लग्ने झाली तर शक्यता आणखी वाढते, कारण एकाच आजोबांचा चुकलेला कागद दोन्हीकडून येऊ शकतो. जातिअंताचा विचार समतेसाठी आहेच, पण तो रक्ताच्या हिशेबातही खरा ठरतो. तरीही दुसऱ्या समाजातले स्थळ आहे म्हणून तपासणी टाळू नये. रोटीबेटी कुठेही होवो, कागद दोघांचाही पाहावा.

अमेरिकेतला धडा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांची कहाणी आपल्या कामाची आहे. ज्या ब्लॅक पँथर चळवळीवरून 1972 साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या चळवळीने 1971 पासून स्वतःच्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली होती. सरकार लक्ष देत नाही तर आम्ही आमच्या लोकांचे रक्त तपासू, असा तो बाणा होता. 1972 साली अमेरिकन सरकारनेही या आजाराच्या नियंत्रणासाठी कायदा केला.

पण त्यातून एक अनिष्टही घडले. काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती केली आणि वाहक म्हणजे रोगी असे समजून अनेकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना 1981 पर्यंत प्रवेश बंद होता. समजावून न सांगता केलेली तपासणी उलटू शकते, हा त्यातला धडा. म्हणून आमचे सांगणे आहे की तपासणी झालीच पाहिजे, पण तो कागद हेटाळणीसाठी वापरला जाता कामा नये. वाहक मुलीला नाकारणारा मुलगा स्वतः 'एए' असेल तर त्याने आजाराला नाकारले नाही, एका निरोगी मुलीला विनाकारण नाकारले.

औषध आहे का?

आहे, आणि ते दिवसेंदिवस सुधारत आहे. 1948 साली ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी लक्षात आणून दिले की तान्ह्या बाळाला हा आजार त्रास देत नाही, कारण त्याच्या रक्तात पोटातले म्हणजे गर्भातले हिमोग्लोबिन शिल्लक असते. ते सरले की सहा-आठ महिन्यांनी त्रास सुरू होतो. मग विचार आला की मोठेपणी ते गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवता आले तर? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी हेच काम करते. 1995 साली मोठ्या चाचणीत तिने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणल्याचे दिसले. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासत घ्यायची असते. मूल हवे असेल किंवा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

त्याच धाग्याने विज्ञान आता जनुकाच्या मजकुरापर्यंत पोचले आहे. डीएनए हव्या त्या जागी कापणारी 'क्रिस्पर' नावाची कात्री शार्पांतिये आणि डाउडना या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी घडवली. 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, गर्भातल्या हिमोग्लोबिनला अडवणारी कळ या कात्रीने निकामी करायची आणि पेशी परत अंगात सोडायच्या, अशी ही उपचारपद्धती आहे. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने तिला मान्यता दिली. तिथली किंमत मात्र 22 लाख डॉलर ठरली, म्हणजे आपल्या हिशेबाने अठरा कोटी रुपयांच्या आसपास. मालधक्क्यावरच्या हमालाने ही बातमी वाचून काय करावे? दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेतले आपले शास्त्रज्ञही असाच स्वस्त उपचार घडवण्यासाठी झटत आहेत. तो गरिबाच्या दारापर्यंत यावा यासाठी समाजानेही आवाज उठवला पाहिजे. तोवर पाच मिनिटांत होणारी रक्ततपासणी हेच आपल्या हातातले मोठे शस्त्र आहे.

नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी संघटना उभी करून वर्षानुवर्षे हेच सांगितले. त्या कामाची दखल घेऊन त्यांना 2018 साली पद्मश्री देण्यात आली. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश झाला आहे. त्याचे लाभ मागणे ही भीक नसून हक्क आहे.

घरोघरी करायच्या गोष्टी

सरकारी दवाखान्यात तपासणी होते. पहिली चाचणी साधी असते. बोटाच्या थेंबभर रक्ताने द्रावण गढूळ झाले की सिकलचा दोष आहे इतके कळते. पण वाहक की रुग्ण, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी मागून घ्यावी. थॅलेसेमियाचा वाहकही त्यातच कळतो आणि तेही महत्त्वाचे आहे, कारण सिकलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलालाही आजार होऊ शकतो.

घरात रुग्ण असेल तर त्याला भरपूर पाणी पाजावे, शाळेत पाण्याची बाटली द्यावी आणि लघवीला जाऊ द्यावे असे गुरुजींना सांगून ठेवावे. थंडीत आणि पावसात भिजू देऊ नये. फॉलिक आम्लाची गोळी चुकवू नये. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. न्यूमोनियाची लस वेळेवर टोचावी. ताप आला, छातीत दुखून दम लागला, पोट एकाएकी फुगून मूल पांढरेफटक पडले, किंवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले तर सकाळची वाट पाहू नये, तत्काळ दवाखाना गाठावा.

दोघेही वाहक असून लग्न आधीच झाले असेल तर घाबरू नये. दिवस राहिले की पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच डॉक्टरांना सांगावे. मोठ्या रुग्णालयात वारेचा अंश तपासून बाळाचे रक्त कसे असेल ते कळू शकते. पुढचा निर्णय त्या पती-पत्नीचा. त्यात कोणी जबरदस्ती करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, बहिणी-भावांची तपासणी लग्नाचे वय व्हायच्या आत करावी. बोलणी ठरल्यावर कागद काढला की भांडणे होतात. आपण पत्रिका पाहणे सोडले, गुण जुळवणे सोडले, ही आपल्या धम्माची शिकवण. ऐकीव गोष्टींवर विश्वास न ठेवता स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. वधू-वर मेळाव्याच्या अर्जात उंची, शिक्षण, पगार विचारतो, तिथे 'हिमोग्लोबिनचा प्रकार' असा एक रकाना घालायला किती खर्च येतो?

आता त्या दोन खोल्यांच्या घरात परत जाऊ. मामांचे बोलणे ऐकून मुलगी शांतपणे म्हणाली, "मामाजी, माझ्या भावाचे गुडघे मी चौदा वर्षं शेकते आहे. तसंच माझ्या लेकराचे शेकायची पाळी आली तर तेव्हा हा कागद लपवलेला मला आठवेल." मामा खाली पाहू लागले.

पाहुणे आले. जयभीम झाला, चहा-पोहे झाले. मुलीने स्वतःच कागद पुढे ठेवला आणि मुलाला विचारले, "तुमची तपासणी झाली आहे का?" झाली नव्हती. मुलाची आई जरा गडबडली. मुलगा मात्र म्हणाला, "मी करून घेतो, मग बोलू."

त्या आठवड्यात घरात कोणी नीट जेवले नाही. नंतर मुलगा आपला कागद घेऊन स्वतः आला. त्यावर 'एए' होते. लग्न विहारातच, साध्या पद्धतीने झाले. धाकटा भाऊ त्या दिवशी नवा सदरा घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून पाहुण्यांना खुर्च्या दाखवीत होता.

समजा, त्या कागदावर 'एएस' असते तर? तर दोन घरे काही दिवस हळहळली असती आणि दोन्ही मुलांना दुसरी चांगली स्थळे मिळाली असती. कागद लपवला असता तर मात्र हळहळ जन्मभराची झाली असती आणि ती ज्याने काही लपवले नाही, अशा एका लहान जिवाला भोगावी लागली असती.